भाच्याची औषधे आणि भाचीची शाळा

पत्र : मी हातकणंगले तालुक्यातील एका गावात राहतो आणि इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला आहे. माझे मेहुणे आणि त्यांच्या मागोमाग बहीण, दोघेही एचआयव्हीच्या आजाराने गेले. त्यांची दोन मुले आता माझ्याकडे आहेत. भाची तेरा वर्षांची असून तिला संसर्ग नाही. भाचा आठ वर्षांचा असून त्याला तो आहे. त्याची औषधे कोल्हापूरच्या थोरल्या दवाखान्यातून चालू आहेत, पण अलीकडे तो गोळी घ्यायला कुरकुर करतो आणि "ताईला गोळी नाही, मग मलाच का?" असे विचारतो. आमचा मुलगा दोन वर्षांचा आहे, त्याच्या काळजीने माझी पत्नी भाच्याचे ताट-वाटी वेगळे ठेवते. शाळेत कोणी तरी काही बोलले, तेव्हापासून मुख्याध्यापक "काही दिवस घरीच ठेवा" म्हणतात. त्याला दुसऱ्या जिल्ह्यातील एखाद्या संस्थेत ठेवावे, असे नातेवाईक सुचवतात. औषधांसाठी गेलो की माझा खाडा होतो. मुलांच्या वडिलांची शिरोळ तालुक्यात थोडी जमीन आहे, पण चुलते त्यांची नावे लावायला तयार नाहीत. माझ्या आईला महिनाभर खोकला आहे, त्यामुळे घरचे काम भाचीच पाहते. दोन-तीन वर्षांत तिचे लग्न उरकून टाकू, असे आई म्हणते. मी काय करावे?
— एक मामा

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्राच्या शेवटाकडे आईंच्या खोकल्याचा उल्लेख ओझरता आला आहे, पण उत्तराची सुरुवात मला तिथूनच करावी लागेल. दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेला खोकला क्षयाचा असू शकतो, आणि ज्या मुलाच्या शरीराची प्रतिकारशक्ती एचआयव्हीमुळे आधीच झिजलेली असते, त्याला क्षय लवकर गाठतो व अधिक वेगाने वाढतो. म्हणजे तुमच्या घरात आज धोका असलाच तर तो भाच्याकडून इतरांना नसून आईंच्या खोकल्यामुळे भाच्याला आणि तुमच्या दोन वर्षांच्या बाळाला आहे. आईंना या आठवड्यातच प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन थुंकीची तपासणी करून घ्या. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते, आणि क्षय निघालाच तर त्याचे उपचारही मोफत आहेत. निदान होईपर्यंत त्यांनी तोंडावर पदर किंवा रुमाल धरून खोकावे, मुलांना त्यांच्या खोलीत झोपवू नये आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. आजींना खोकला आहे हे एआरटी केंद्रातील, म्हणजे भाच्याला एचआयव्हीची औषधे जिथून मिळतात तिथल्या, डॉक्टरांनाही सांगा. एचआयव्ही असलेल्या मुलाला चालू खोकला, ताप, वजन न वाढणे किंवा घरात क्षयरुग्ण असणे यांपैकी काहीही आढळले, तर त्याची क्षयासाठी तपासणी करतात, आणि क्षय नसल्याची खात्री झाल्यावर तो होऊ नये म्हणूनही औषध देतात. क्षयाचे उपचार सुरू करावे लागले तर एचआयव्हीच्या औषधांची मात्रा बदलावी लागू शकते, म्हणून दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांच्या औषधांची माहिती असली पाहिजे.

आता ताट-वाटीविषयी. एकत्र जेवल्याने, एकाच भांड्यातले पाणी प्यायल्याने, एका अंथरुणात झोपल्याने, मुलांनी एकमेकांना मिठी मारल्याने किंवा पापा घेतल्याने, खोकल्या-शिंकण्यातून, डास चावल्याने किंवा एकच शौचालय वापरल्याने एचआयव्ही पसरत नाही. तो पसरतो तो असुरक्षित शरीरसंबंधांतून, संसर्ग असलेल्या रक्तातून, दूषित सुईतून आणि गरोदरपणी, बाळंतपणात वा स्तनपानातून आईकडून बाळाला. घरात पाळायची पथ्ये फार थोडी आहेत आणि ती खरे तर कोणत्याही घरात पाळावीत अशीच आहेत : प्रत्येकाचा दात घासण्याचा ब्रश वेगळा असावा, दाढीचे पाते कोणी कोणाचे वापरू नये, आणि खरचटले तर जखम साबण-पाण्याने धुऊन तिच्यावर पट्टी बांधावी. औषधे नियमित चालू असलेल्या मुलाच्या रक्तात विषाणूचे प्रमाण अतिशय कमी झालेले असते, हीदेखील तुमच्या पत्नीला धीर देणारी गोष्ट आहे.

त्यांना मात्र दोष देऊ नका. ज्या बाईने नणंदेची दोन मुले आपल्या घरात घेतली आणि जिच्या कडेवर स्वतःचे दोन वर्षांचे बाळ आहे, तिची भीती अज्ञानातून आलेली असली तरी ती आईची भीती आहे, आणि नवऱ्याने रागावून ती जाणार नाही. पुढच्या फेरीला त्यांना सोबत न्या. एआरटी केंद्रात समुपदेशक असतात; त्यांच्यासमोर बसून पत्नीने मनातली प्रत्येक शंका स्वतः विचारावी, बाळ भाच्याचे उष्टे खाते तर काय, मुलांनी भांडताना चावा घेतला तर काय, इथपर्यंत सगळे. तिथे जाणे होईपर्यंत १०९७ या राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनवर फोन करून मराठीत विचारता येते; हा क्रमांक मोफत आहे. ताट मात्र आजपासूनच एकत्र मांडा. आठ वर्षांच्या मुलाला आपले ताट वेगळे असल्याचे रोज दोनदा दिसते, आणि त्याच्या कुरकुरीशी त्या ताटाचा संबंध असण्याची शक्यता मला बरीच वाटते.

औषधांच्या बाबतीत थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण भाच्याचे पुढचे सगळे आयुष्य त्यांच्यावर उभे आहे. आपल्या देशात सरकारने ही औषधे २००४ पासून मोफत द्यायला सुरुवात केली आणि २००६ मध्ये लहान मुलांसाठी वेगळा कार्यक्रम हाती घेतला; त्याआधी अशी किती तरी मुले शाळेचे वयही गाठत नव्हती. आज नियमित औषधे घेणारे मूल मोठे होते, शिकते, नोकरी-धंदा करते, संसारही करू शकते. ही औषधे विषाणूला पूर्ण मारत नाहीत, त्याची वाढ रोखून धरतात. रक्तातील औषधाचे प्रमाण कमी झाले की विषाणू पुन्हा वाढू लागतो आणि वाढता वाढता त्या औषधाला न जुमानणारा होतो. वरचेवर गोळ्या चुकल्या तर तेच औषध पुढे उपयोगी पडेनासे होते, आणि मुलांसाठी उपलब्ध असलेली पर्यायी औषधे मोजकीच आहेत. चुकलेली गोळी कधी घ्यायची, हे समुपदेशकांकडून नीट समजून घ्या. पुढच्या वेळी दुप्पट गोळ्या मात्र कधीही देऊ नका. औषधे लागू पडत आहेत की नाही हे विषाणूंचे प्रमाण मोजणाऱ्या तपासणीतून कळते. ती औषधे सुरू झाल्यावर सहाव्या आणि बाराव्या महिन्यात व पुढे वर्षातून एकदा करतात. भाच्याची ती शेवटची कधी झाली, हे त्याच्या कार्डावरून पाहा.

मुलांच्या औषधाची मात्रा वजनावरून ठरते, त्यामुळे दर फेरीला वजन झालेच पाहिजे. वजन वाढले असूनही मात्रा जुनीच राहिली, तर मूल रोज गोळी घेऊनही अपुरे औषध घेत असते. त्याच्या गोळ्यांत डोल्युटेग्रॅव्हिर हे औषध असेल, तर लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर ते उपाशीपोटी घेतल्यास शरीरात नीट शोषले जात नाही. मुलांना शाळेत आठवड्याला लोहाची गोळी मिळते. ती बंद करायची नाही, दोन्हींमध्ये किती अंतर ठेवायचे ते डॉक्टरांना विचारायचे. एआरटीची गोळी रात्री ठरलेली असेल तर बहुधा ही अडचण येणार नाही. यंत्रमागावर पाळ्या बदलत असल्यामुळे तुम्ही रोज त्या वेळी घरी नसणार, हे उघड आहे. म्हणून गोळीची मुख्य जबाबदारी एका मोठ्या माणसावर असावी, रात्रपाळीत तुम्ही फोन करून विचारावे, आणि ही जबाबदारी भाचीच्या गळ्यात पडू नये.

भाच्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवे आणि ते खरे असले पाहिजे. 'टॉनिक आहे', 'ताकदीची गोळी आहे' असे सांगून वेळ मारून नेण्याचा मोह मोठ्यांना होतो, पण मुलाला एक ना एक दिवस खरे कळतेच, आणि ते शाळेतल्या एखाद्या मुलाकडून किंवा चुलत्यांच्या घरी कळले, तर औषधावरचा आणि तुमच्यावरचा, दोन्हींवरचा त्याचा विश्वास उडतो. शाळकरी वयाच्या मुलाला त्याच्या संसर्गाविषयी सांगावे, आणि त्याहून लहान असताना त्याच्या समजुतीप्रमाणे टप्प्याटप्प्याने सांगत जावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०११ पासूनची शिफारस आहे. तुमच्या भाच्याला आज असे म्हणता येईल : "तुझ्या रक्तात एक जंतू आहे. आपल्या अंगात आजारांशी लढणारे पहारेकरी असतात, त्यांना तो त्रास देतो. ही गोळी त्या जंतूला झोपवून ठेवते. एक दिवस गोळी चुकली की तो जागा होतो. ताईच्या रक्तात तो जंतू नाही, म्हणून तिला गोळी नाही. तुझी यात काहीही चूक नाही." आई-वडिलांनाही हाच आजार होता का, असे त्याने विचारले, तर हो म्हणा. त्यांना औषधे उशिरा मिळाली असतील किंवा मध्ये बंद पडली असतील, तर तेही त्याला समजेल अशा शब्दांत सांगा. आईला दोष लागेल असे मात्र एकही वाक्य त्याच्या कानावर पडू देऊ नका. आजाराचे नाव दहा-बारा वर्षांपर्यंत त्याला कळलेले असावे, आणि ते समुपदेशकांच्या मदतीने सांगणे चांगले. ही गोष्ट कोणाला सांगायची आणि कोणाला नाही, हे त्याच वेळी त्याच्याशी बोलून ठरवा. ती लाज वाटण्यासारखी नाही, पण ती त्याची स्वतःची आहे.

शाळेबाबत तुम्ही गप्प बसू नका. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. या कायद्यानुसार संसर्गाच्या कारणावरून कोणालाही शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, शाळेतून काढता येत नाही किंवा तिथे वेगळी वागणूक देता येत नाही, आणि प्रवेशासाठी एचआयव्हीची तपासणीही मागता येत नाही. 'काही दिवस घरी ठेवा' हेही शिक्षण थांबवणेच आहे. मुलाची स्थिती शाळेला कळवण्याचे तुमच्यावर कोणतेही बंधन नाही. आधी मुख्याध्यापकांना खासगीत भेटा. त्यांना बहुतेक वेळा पालकांच्या तक्रारींचीच भीती असते, त्यांच्या मनात वाईट असेलच असे नाही, म्हणून जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकातील कोणी सोबत आले तर फार उपयोग होतो. त्यानेही भागले नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. या कायद्याखाली राज्याने नेमायच्या लोकपालांकडेही तक्रार करता येते. त्यांनी तक्रारीवर ३० दिवसांत आदेश द्यावा, अशी तरतूद आहे. वकिलाचा खर्च तुमच्यावर येणार नाही, कारण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे मुलांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे आणि तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे साध्या अर्जावर ती मिळते. दरम्यान मुलाला शाळेत पाठवत राहा.

संस्थेच्या सल्ल्याविषयी माझे मत स्पष्ट आहे : पाठवू नका. कोल्हापूरला वसतिगृहांची मोठी परंपरा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून इथे एकामागून एक वसतिगृहे उभी केली, ती खेड्यापाड्यांतील मुलांना शाळेच्या जवळ आणण्यासाठी. तुमचे नातेवाईक जे सुचवतात ते मुलाला लोकांच्या नजरेआड करणे आहे. आई-वडील गेल्यानंतर ज्या मुलाजवळ बहीण आणि मामा एवढेच उरले, त्याला तिथून उचलून परक्या जिल्ह्यात ठेवल्यास औषधे कदाचित वेळेवर मिळतील, पण त्याचा आणखी एक आधार तुटेल. २०१५ चा बाल न्याय कायदाही मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचाच उपाय मानतो. जिथे मुलाला मारहाण होते, त्याची उपासमार होते किंवा त्याला सांभाळणारे कोणीच उरलेले नसते, तिथे संस्था हवीच, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांनी अनेक मुले जगवली आहेत. तुमचे घर तसे नाही. त्या घराला पैशांची आणि माणसांची मदत हवी आहे.

ती मदत मागताना संकोच करू नका. दोन्ही मुले अनाथ असल्यामुळे क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेसाठी दोघांचाही अर्ज होऊ शकतो, संसर्ग नसलेल्या भाचीचासुद्धा. २०२३ मध्ये ही रक्कम दरमहा प्रत्येक मुलामागे २,२५० रुपये करण्यात आली, म्हणजे दोघांचे मिळून साडेचार हजार होतात. अर्ज कोल्हापुरातील जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात करावा. आई-वडिलांचे मृत्यूचे दाखले, मुलांची आधार कार्डे, शाळेचा बोनाफाईड दाखला, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि बँक पासबुक सोबत ठेवा. हे पैसे अनेकदा उशिरा येतात, त्यामुळे त्यांच्या भरवशावर उधारी करू नका. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत अनाथ मुले व एचआयव्हीबाधित व्यक्ती येतात, पण तिची उत्पन्नाची अट फार कडक आहे. तहसील कार्यालयात विचारून पाहा. मुलांची नावे त्यांच्या वडिलांच्या रेशनकार्डावरून तुमच्या कार्डावर घेतली का? प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी दरमहा पाच किलो धान्य मिळते, म्हणजे दोन नावांचे दहा किलो. नातेवाइकांकडे वाढणाऱ्या अनाथ मुलांनाही अनाथ प्रमाणपत्र मिळते आणि पुढे शिक्षणात व सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण लागू होते, तेव्हा त्याचा अर्जही त्याच फेरीत द्या.

खाड्याचे म्हणाल, तर प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाला एकापेक्षा जास्त महिन्यांची औषधे एकदम देण्याची किंवा मुख्य केंद्राला जोडलेल्या जवळच्या लहान केंद्रातून (लिंक एआरटी केंद्रातून) औषधे देण्याची सोय असते. भाच्याला ती लागू होते का, ते डॉक्टरांना विचारा. एचआयव्हीबाधितांना एसटीच्या साध्या बसमध्ये प्रवास सवलत आहे, तिचा दाखलाही तिथेच मागा.

आहाराबद्दल थोडक्यात सांगतो. लक्षणे नसलेल्या एचआयव्हीबाधित मुलालाही त्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा सुमारे १० टक्के जास्त ऊर्जा लागते. त्यासाठी डबाबंद पावडर विकत घेण्याची गरज नाही; भाकरी, डाळ, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे, गूळ आणि परवडेल तेव्हा अंडे एवढ्याने भागते. आपल्या जिल्ह्यात सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालणाऱ्या कित्येक घरांत मुलांच्या वाट्याला चहापुरतेच दूध उरते. तुमच्या दारात जनावर असेल तर तिन्ही मुलांचे दूध आधी काढून ठेवा.

जमिनीचा हक्क सोडू नका आणि मुलांच्या वतीने कोणत्याही कागदावर सही करू नका. मृत्यूच्या दाखल्यांसह त्या गावच्या तलाठ्यांकडे वारसनोंदीचा अर्ज द्या. मुलांची नावे सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' (अज्ञान पालनकर्ता) म्हणून, पालनकर्त्याच्या नावासह लागतात. अज्ञान मुलाची जमीन न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्याच्या पालकालाही विकता येत नाही. २०१७ च्या कायद्यात एक कमी माहिती असलेली तरतूद आहे : एचआयव्हीमुळे बाधित मुलांच्या मालमत्तेचे कागद सुरक्षित ठेवण्यासाठी किंवा त्यांना मालमत्तेतून बेदखल केले जात असल्याची तक्रार करण्यासाठी पालकांना थेट बालकल्याण समितीकडे जाता येते.

भाचीबद्दल तुम्ही फार थोडे लिहिले आहे. तिला संसर्ग नाही, ती कुरकुर करत नाही, तिच्याबद्दल शाळेतून निरोप येत नाही, म्हणून तिचे ठीक चालले आहे असे घरातल्या सर्वांना वाटत असावे. मला मात्र या घरात तिचीच काळजी अधिक वाटते. तिने आई आणि वडील दोघांचे आजारपण समजत्या वयात पाहिले आहे, आता ती आजींचे काम, धाकट्या भावाचे दुखणे आणि बहुधा तुमच्या बाळालाही सांभाळते आहे, आणि तिच्या नकळत तिचे लग्न ठरू घातले आहे. एचआयव्हीने गरीब घरात शिरून नासवलेली आयुष्ये फक्त संसर्ग झालेल्यांचीच नसतात. निरोगी मुलीची शाळा त्यात आधी जाते, आणि तिचा हिशोब कोणत्याही दवाखान्याच्या कार्डावर नसतो. २०१७ च्या त्याच कायद्यात अशी एक तरतूद आहे की एचआयव्हीबाधित कुटुंबाचा कारभार पाहणारे, बारा वर्षांवरील समजूतदार भावंड आपल्या लहान भावंडाच्या शाळाप्रवेशासाठी, उपचारांसाठी आणि बँक खात्यासाठी पालक म्हणून सही करू शकते. कायदा करणाऱ्यांनी ही सोय केली, कारण देशात अशी बारा-तेरा वर्षांची कारभारी मुले आहेत. तुमच्या भाचीला मामा-मामी असताना तिच्यावर ती वेळ येता कामा नये.

अठराच्या आत तिचे लग्न लावणे हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि ते लावून देणाऱ्या मोठ्या माणसांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे आईंना सांगा. त्या जुन्या वळणाच्या असतील आणि पोरीचे भले व्हावे म्हणूनच बोलत असतील, तरीही सांगा. लग्नाची बोलणी नातेवाइकांनी पुढे रेटली तर १०९८ हा बाल मदत क्रमांक आहे, आणि तो भाचीलाही पाठ असू द्या. तिच्या नावाने येणारे बालसंगोपनाचे पैसे तिच्या दप्तर-वह्यांवर, सायकलवर, तिच्या जेवणावर खर्च व्हावेत. ते भाच्याच्या खात्यात जमा धरू नका. भाच्याच्या फेरीच्या दिवशी तिची शाळा बुडत असेल तर त्या दिवशीचे घरकाम कोण करणार, हे तुम्ही आणि पत्नीने आधीच ठरवा. आणि एकदा तिलाही समुपदेशकांकडे न्या. आई-वडील कशाने गेले, भावाला काय आहे, तो बरा राहावा म्हणून तिने काय करायचे आणि काय तिच्यावर सोडायचे नाही, हे तिला कोणी तरी शांतपणे बसून सांगायला हवे, आणि तिचे प्रश्न पूर्ण ऐकून घ्यायला हवेत. घरी परतल्यावर तो विषय बंद करू नका. तिला पुन्हा विचारावेसे वाटले तर मामा किंवा मामी त्या वेळी तिच्याजवळ बसेल, एवढे तुम्ही दोघे ठरवून टाका.